कर्करोगाचे लवकर निदान, संगणक आणि आपले विद्यार्थी

(मंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंतांच्या गौरवाच्या या प्रसंगी आपण आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. शालान्त व पदवी परीक्षांत यश मिळविणाऱ्यांचे कौतुक आपण दरवर्षी करतोच. आज आम्ही त्यापुढील एका लांबच्या वाटेविषयी बोलणार आहोत. पदवीनंतर चार-पाच वर्षे एकाच प्रश्नाचा ध्यास घेऊन डॉक्टरेट करणारा विद्यार्थी घरच्यांना कोड्यात टाकतो. ‘मुलगा अजून शिकतोच आहे का?’ असे शेजारी विचारतात; मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चौकशी त्याहून आधी होते. अशा अभ्यासाचे मोल काय, हे कर्करोगाच्या लवकर निदानासाठी संगणकाच्या साहाय्याने चाललेल्या संशोधनावरून दाखवावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एका मराठी विदुषीचे स्मरण करू. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. १९३९ साली त्यांचा विवाह झाला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९४९ साली, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर संशोधन करून त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे पेशीसंवर्धनाची विद्या शिकून त्या स्वदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. त्या काळी त्यांचे साधन सूक्ष्मदर्शक होते. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती त्याच्या जोडीला संगणक आला आहे, इतकेच.

कर्करोग लवकर ओळखला तर काय साधते, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल सुरू झाल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा किंवा अधिक वर्षे जातात. म्हणजे रोगाला आधीच अडविण्यास सवड असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून गरीब वस्त्यांतील स्त्रियांची या दृष्टीने तपासणी केली. साधन काय, तर शिरक्यातील आम्लाचा सौम्य द्राव! तो लावला असता बिघडलेला भाग पांढरा दिसतो. पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरीही तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,००० हून अधिक ग्रामीण स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. तेथे विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

आता संगणकाकडे वळू. डोळ्याने पाहण्यात एक उणीव आहे: पाहणारा बदलला की निर्णयही बदलतो. म्हणून संशोधकांनी छायाचित्रे घेऊन ती संगणकास ‘शिकविण्याचा’ मार्ग धरला. रोग असलेली व नसलेली हजारो चित्रे त्याला दाखवावयाची, प्रत्येकाचे खरे उत्तर सांगावयाचे, आणि शेवटी त्याने कधीही न पाहिलेल्या चित्रांवर त्याची परीक्षा घ्यावयाची. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात नऊ हजारांहून अधिक स्त्रियांची जुनी छायाचित्रे वापरून केलेल्या अशा प्रयोगात संगणक माणसाहून सरस ठरला, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. परंतु पुढे दिसून आले की, एका कॅमेऱ्याच्या चित्रांवर शिकलेली रीत दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवर तशीच चालत नाही. खरे संशोधन सुरू होते ते येथे!

याचे गणित साधे आहे. समजा, १०,००० स्त्रियांपैकी ५० जणींना रोग आहे, आणि यंत्र शंभरांत नव्वद वेळा बरोबर सांगते. ते ५० पैकी ४५ जणी शोधील. पाच त्याच्या नजरेतून सुटतील. परंतु उरलेल्या ९,९५० निरोगी स्त्रियांपैकी ९९५ जणींनाही ते ‘संशयित’ ठरवील. ऐकावयास उत्तम वाटणारे यंत्र हजारभर घरांची झोप उडवू शकते, आणि पाच घरांना खोटा दिलासा देऊ शकते. त्या पाच जणी कोणत्या, हे शोधण्यात विद्यार्थ्याची वर्षे जातात. ती वर्षे वाया गेली, असे कोण म्हणेल?

आपल्या कोकणाशी याचा निकट संबंध आहे. आपल्याकडील कित्येक स्त्रिया मिसरी लावतात, आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्र यांनी या भागात खेडोपाडी कर्करोगाच्या तपासणीचे काम केले आहे. परदेशातील चित्रांवर शिकलेले यंत्र येथील तोंडातील डाग बरोबर ओळखीलच, असे गृहीत धरता येत नाही. त्याची परीक्षा येथेच व्हावयास हवी. त्यासाठी येथील माणसे तपासणीस आली पाहिजेत, आणि येथील भाषा व चालीरीती जाणणारे संशोधकही पाहिजेत. याच जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजात सीनियर रँग्लर झाले. गणिताची बुद्धी या मातीत नाही, असे नाही.

म्हणून आम्ही मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली विनंती शिष्यवृत्तीची. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निवडल्या गेलेल्या संशोधकास २०२३ पासून आरंभी दरमहा ३७,००० रुपये मिळतात; पण ज्यांना ती मिळत नाही, अथवा मिळेपर्यंत ज्यांना घर चालवावे लागते, त्यांच्यासाठी मंडळाच्या निधीत थोडी जागा असावी. मुलींच्या बाबतीत तर कुटुंबाचा धीर हीच मोठी शिष्यवृत्ती होय.

दुसरी विनंती येथे बसलेल्या माताभगिनींस. गावात तपासणी आली असता संकोच बाजूस ठेवून अवश्य जावे, आणि पुरुषांनी त्या दिवशी घरची कामे सांभाळावी. तोंडात न भरणारी जखम वा पांढरा डाग दिसला, तर पुरुषांनीही डॉक्टर गाठावा. संगणक कितीही हुशार झाला, तरी जो समोर आलाच नाही त्याचे निदान तो करू शकत नाही.