काट्यावर विश्वास किती ठेवायचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या 'आपल्यातल्यांचे छंद' या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला सांगण्यात आलं, की काका, तुम्ही तुमच्या मारुतीवर बोला. पार्किंगमधली ती पांढरी आठशे सगळ्यांना माहीत आहे. मी १९९८ साली ती घेतली, म्हणजे ती आपल्या सोसायटीपेक्षा मोठी. आतमध्ये डोकावलेल्यांनी पाहिलं असेल, की तिचे मीटर कंपनीचे नाहीत. मधला स्पीडोमीटर सोडला, तर बाकी सगळे मी घरी बनवलेले आहेत. 'हा उद्योग कशासाठी?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. आज नीट उत्तर देतो.

मे २०१७. आम्ही दोघं आणि माझी मोठी बहीण, चाळीसगावहून लग्न आटोपून परत येत होतो. कन्नडचा औट्रम घाट. दुपारचे दोन वाजलेले, पुढे ट्रकांची रांग, पहिल्या गिअरवर चढण. मी दर मिनिटाला टेंपरेचरचा काटा बघत होतो. काटा खाली, अगदी 'सी'वर. मी बायकोला म्हणालो सुद्धा, "बघ, एवढ्या उन्हात गाडी कशी थंड आहे!" पाच मिनिटांनी बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. ताई सत्तरीच्या. रस्त्याच्या कडेला दगडावर, डोक्यावर पदर घेऊन त्या दोन तास बसल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गाडी टो करून इथे आणली. हेड गॅस्केट गेलं होतं, हेड वाकलं होतं, फेसिंग करावं लागलं. आमचे उस्ताद जुने. त्यांनी इंजिनजवळची एक बारीक तार उचलून दाखवली. सेन्सरपाशी तुटलेली. म्हणाले, "सर, काटे पे मत जाओ. तार टूटी तो काटा थंडाच बोलता."

मी वाळूजला कारखान्यात मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली. १९८५ला तिथे बजाजचा कारखाना आला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणारे कितीतरी कारखाने उभे राहिले. आपल्यातल्या निम्म्या घरांची भाकरी त्यावर झाली. एवढी वर्षं मशिनवरचे गेज तपासण्यात गेली, आणि स्वतःच्या गाडीतला गेज कसा चालतो, याचा मी कधी विचार केला नव्हता. म्हणून तो आधी समजून घेतला.

टेंपरेचरचा सेन्सर म्हणजे इंजिनच्या पाण्यात बुडवलेला एक छोटा तुकडा. तो गरम झाला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. विरोध कमी, करंट जास्त, काटा वर. आता तार तुटली तर करंटच नाही. म्हणजे मीटरच्या हिशेबी इंजिन एकदम गार! आणि पेट्रोलचं उलट आहे. टाकीत एक फुगा तरंगतो, त्याच्या दांडीला सरकता विरोधक असतो. माझ्या गाडीत ती तार तुटली, तर काटा 'रिकामी' दाखवतो. म्हणजे पेट्रोलचा मीटर खोटं बोलला, तर आपण उगाच पंपावर जातो. टेंपरेचरचा मीटर खोटं बोलला, तर इंजिन जातं. दोघंही खोटंच बोलतात, पण एक सावध करणारं आणि एक झोपवणारं.

तेव्हा ठरवलं, की नवा मीटर बनवायचा तो झोपवणारा नको.

स्पीडोमीटर मात्र मी हलवला नाही. एक तर तो चालू असणं कायद्यानं लागतंच. दुसरं, त्यात किलोमीटरचा आकडा असतो. तो मागे फिरवून गाड्या विकणारे लोक आहेत. माझ्या हातून चुकून सुद्धा तसं होऊ नये. आणि तिसरं कारण म्हणजे ते यंत्र इतकं छान आहे, की हात लावायला जीव होत नाही. गिअरबॉक्सकडून केबल येते, तिच्या टोकाला लोहचुंबक फिरतं, आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात, वाटी ओढली जाते, एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत काटा जिथे थांबेल, तो आपला वेग. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसानं १९०२ साली याचं पेटंट घेतलं. म्हणजे त्याची युक्ती १९९८ सालच्या माझ्या गाडीत तशीच चालू होती!

त्याच्याभोवती मी चार नवे गेज बसवले: टेंपरेचर, पेट्रोल, बॅटरीचे व्होल्ट आणि इंजिनचे आरपीएम. काटे फिरवायला छोट्या स्टेपर मोटारी. कंपन्या मीटरमध्ये वापरतात तशाच. त्यांचा काटा ३१५ अंशांत फिरतो आणि त्यात ९४५ पायऱ्या असतात. डोकं म्हणून आर्डुइनोचा बोर्ड. इटलीतल्या इव्रेआ गावी २००५च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा बोर्ड. आपल्या दहावी-बारावीच्या मुलांना माहीत असेल. मला ते प्रोग्रॅमिंग तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलीनं शिकवलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी गृहपाठ केला आणि तिनं तो लाल पेननं तपासला. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं. तबकड्या आपल्या दारांवरच्या नेमप्लेट ज्यांनी केल्या, त्यांच्याकडेच लेझरनं ॲक्रिलिकमध्ये कापून घेतल्या. आकडे मराठीत, आणि 'सी'-'एच'च्या जागी 'थंड'-'गरम'. ही कल्पना सौभाग्यवतींची. "आणि अक्षरं मोठी करा, तुम्हाला चष्मा लागतो," हेही त्यांचंच.

पहिला बोर्ड चार दिवसांत जळाला. बॅटरी बारा व्होल्टची म्हणून मी निर्धास्त होतो. इंजिन चालू असताना तिथे चौदाच्या आसपास असतात आणि मध्येच मोठे झटके येतात, हे बोर्ड जळाल्यावर कळलं. मग फ्यूज घातला, झटके गिळणारा डायोड घातला. आरपीएमची तऱ्हा वेगळीच. तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन ठिणग्या. ठिणग्या मोजल्या की फेऱ्या कळल्या, इतकं सोपं. पण सेव्हन हिल्सच्या सिग्नलला गाडी उभी असताना माझा काटा नऊ हजारावर! ठिणगीचा गोंगाट तारांमध्ये शिरत होता. मध्ये ऑप्टोकपलर घातला, म्हणजे सिग्नल तारेऐवजी उजेडानं पोचवला, तेव्हा काटा जागेवर आला.

पण खरं काम पुढेच. काटा हलवणं सोपं आहे, खरं बोलायला लावणं अवघड. टेंपरेचरचा सेन्सर मी स्वयंपाकघरात गॅसवर पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर, हातात मल्टीमीटर, आणि दर पाच अंशांना आकडा लिहिला. पाणी उकळलं तेव्हा थर्मामीटर ९८ दाखवत होता. मला वाटलं, थर्मामीटरच खोटा! मग लक्षात आलं, आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. तपासायला घेतलेल्या गोष्टीचीही तपासणी करावी लागते, ती अशी. पेट्रोलसाठी टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर भरत गेलो आणि दर वेळी खूण केली. फुग्याची दांडी गोलाईत फिरते आणि टाकीचा आकारही वेडावाकडा, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला म्हणजे पेट्रोल अर्धं असेलच असं नाही, हे तेव्हा आकड्यांत दिसलं.

आणि मग घाटातल्या दुपारची भरपाई. तीन नियम मी बोर्डाला शिकवले. पहिला: चावी फिरवली की सगळे काटे एकदा शेवटपर्यंत जाऊन परत आले पाहिजेत आणि सगळे दिवे लागले पाहिजेत. कंपनीच्या गाडीतही चावी लावल्यावर ऑइलचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तो दिवा तेव्हा सांगत असतो, की मी जिवंत आहे. चावी लावूनही तो लागला नाही, तर खूश होऊ नका. दुसरा: तार तुटल्यासारखं वाटलं, तर काटा थेट 'गरम'वर जाईल आणि बझर वाजेल. माहीत नसेल तर 'ठीक आहे' म्हणायचं नाही. तिसरा: दहा मिनिटं गाडी चालूनही काटा थंडच राहिला, तर पिवळा दिवा लागेल. चालत्या इंजिनाचा काटा हललाच पाहिजे. हलत नसेल, तर संशय काट्यावर घ्यायचा.

हा तिसरा नियम मी गाडीला शिकवला आणि स्वतः विसरलो. ते सांगण्यासाठीच खरं तर आज उभा राहिलो आहे.

२०१९चा उन्हाळा आठवा. नळाला पाणी किती दिवसांनी यायचं, ते सांगायला नको. तेव्हा मी सेक्रेटरी होतो. एका सकाळी सगळ्या मजल्यांवरचं पाणी गेलं. पंपरूममधला इंडिकेटर म्हणत होता, वरची टाकी पाऊण भरलेली आहे. मग पाणी गेलं कुठे? कोणी म्हणालं वॉचमननं व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला, कोणी म्हणालं बाहेर दिलं. मी खाली पार्किंगमध्ये, दहा-पंधरा जणांसमोर, वॉचमनमामांना नको ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "साहेब, तीन दिवस झाले, काटा हललाच नाही." मला ती सबब वाटली. त्यांना कामावरून काढायचं, असं कमिटीत जवळजवळ ठरलं होतं.

रात्री झोप येईना. काटा हललाच नाही. हे वाक्य मीच तर बोर्डात लिहिलं होतं! सकाळी गच्चीवर चढलो, टाकीचं झाकण उघडलं. फुगा आतल्या पाइपला अडकून बसला होता. टाकी कोरडी, आणि खाली पंपरूममध्ये 'पाऊण'. मामांनी काट्यावर विश्वास ठेवून मोटार लावली नव्हती. मीही औट्रम घाटात तेच केलं होतं. मला मात्र कोणी चोर म्हटलं नव्हतं.

मी मामांची माफी मागितली, पण त्यांच्या खोलीत, एकट्यानं. ओरडलो होतो पंधरा जणांसमोर. तो हिशेब सहा वर्षं बाकी होता. मामा आज मागे खुर्च्यांपाशी उभे आहेत. मामा, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. हे स्मरणिकेत छापलं जावं, अशी मी संपादक मंडळाला विनंती केली आहे.

टाकीचा नवा इंडिकेटर मी त्याच महिन्यात बसवला. आठ तास पातळी हलली नाही, तर त्याचा पिवळा दिवा लागतो. तरी दर रविवारी कोणीतरी वर जाऊन झाकण उघडून बघावं. आतापर्यंत मी जात होतो, आता गुडघे ऐकत नाहीत. तरुण मंडळींपैकी दोन नावं आज मिळाली, तर बरं होईल. कार्यक्रम संपला की मी जिन्यापाशी वही घेऊन बसतो आहे. गाडी बघायची असेल त्यांनी चावी मागून घ्यावी.