शेकानंतरची पंधरा मिनिटं



आजचं बोलणं गुडघ्यांविषयी आहे आणि त्याची सुरुवात कोलकात्याच्या गार्डन रीचपासून करू या. हुगळीच्या काठावरच्या या वस्तीत दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. 2003 साली बिलासपूरचा नवा विभाग झाला. त्याआधी आपला नागपूर मंडल गार्डन रीचच्याच हाताखाली होता, त्यामुळे विदर्भातल्या रेल्वे कुटुंबांना हे नाव बदलीच्या कागदावरून ओळखीचं. अशा घरांतली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. गुडघे दुखतात, मग जिना नको वाटतो, मग बाजार सुटतो, आणि हळूहळू शेजारही सुटतो. दुखण्यापेक्षा हे सुटत जाणं मोठं आहे. म्हणून आज घरच्या घरी काय करता येईल ते पाहू.

नदीकाठच्या दमट हवेला दोष देण्याआधी एक लक्षात घ्या. पावसाळ्यात दुखणं जास्त जाणवतं असं पुष्कळ जण सांगतात, पण हवेमुळे सांधा झिजत नाही. सांधा आखडतो तो मुख्यतः न हलवल्यामुळे. गुडघ्याला आधार देणारा मांडीचा स्नायू बसून बसून दुबळा होतो, सगळा भार सांध्यावर येतो, आणि दुखणं वाढतं. दुखतं म्हणून हलायचं नाही, आणि हलत नाही म्हणून आणखी दुखतं. हे चक्र शेकाने सैल करायचं आणि हालचालीने तोडायचं.

सकाळी गुडघा आखडला असेल तर गरम शेक घ्या. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळा, किंवा जाडं मीठ तव्यावर तापवून सुती कापडात बांधा. पंधरा ते वीस मिनिटं पुरे. पिशवी घेऊन झोपू नका. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर आधी दुसऱ्या कुणाला तरी उष्णता तपासायला सांगा; चटका बसलेला कळत नाही. मलम लावलेल्या जागी शेक देऊ नका. चालून आल्यावर गुडघा सुजला आणि गरम लागला, तर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा.

तेल कोणतं, हा प्रश्न हमखास येतो. बंगालात मोहरीचं, आपल्याकडे तिळाचं. गुडघ्याची दोघांपैकी कुणाबद्दलही तक्रार नाही! तेल सांध्याच्या आत जात नाही. ऊब आणि हात फिरवणं यांनी भोवतालचा स्नायू सैल होतो. फक्त तळपाय पुसूनच उठा, घसराल.

आता खरं काम. शेक संपला की लगेच खुर्चीवर ताठ बसा. एक पाय सरळ करा, मनात पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग घरातल्या घरात किंवा गच्चीवर थोडं चाला. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. वाढलेली दुख दुसऱ्या सकाळपर्यंत टिकली, तर प्रमाण निम्मं करा. बंद करू नका.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. विळीवर बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं कमी करा. पूजा खुर्चीवर बसून केली तरी नमस्कार पोचतो. वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. 2005 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

घरगुती उपाय कुठे थांबतात, तेही ऐका. सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही हातांची बोटं सुजत असतील आणि सकाळचा आखडलेपणा तासभर जात नसेल, तर तो आमवात असू शकतो. त्यावर औषध लवकर सुरू व्हावं लागतं. स्वतःच्या मनाने रोज वेदनाशामक गोळी घेऊ नका, पोटाला आणि मूत्रपिंडाला ती महागात पडते. आणि नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, म्हणूनच कधी कधी चार दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं.

आपल्या घरात कुणी दुखऱ्या गुडघ्याचं असेल, तर त्यांना "बसून राहा, मी आणते" एवढंच म्हणू नका. शेकाची पिशवी भरून द्या, आणि शेक झाला की म्हणा, "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." आजपासूनच करून पाहा.