ठरलेली वाट आणि झालेली वाट
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. ‘मुलांना रुचेल असे काही सांगा’ अशी चिटणिसांची आज्ञा झाली, म्हणून आम्ही सायकलचा विषय निवडला. तो निवडण्यात आमचा थोडा अंतस्थ हेतूही आहे. तो यथावकाश उघड होईल.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. सगळे ऐन विशीतले, मुंबईच्या एका व्यायामसंस्थेत वजने उचलणारे. युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच माणसाचे व्याख्यान त्यांनी मुंबईत ओव्हल मैदानावर ऐकले होते, आणि तिथेच या खुळाने मूळ धरले. भाषणाने माणसे बिघडतात ती अशी! तेव्हा पालकांनी आजही सावध असावे.

पंजाब, बलुचिस्तान, इराण करीत ही मंडळी बगदादला पोचली. तिथून अलेप्पोपर्यंत मेसोपोटेमियाचे वाळवंट. हे अंतर साडेनऊशे किलोमीटरांवर आहे आणि ते तोडायला त्यांना २३ दिवस लागले. मुलांनो, भागाकार करा. दिवसाला साधारण ४१ किलोमीटर पडतात, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरपासून मुरैनापर्यंतची मजल. तुमच्यापैकी एखादा दांडगा मुलगा हे अंतर सकाळच्या न्याहारीआधी कापील. पण त्याच्या चाकाखाली डांबरी सडक असेल. यांच्या चाकाखाली वाळू होती, आणि वाळूत सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलीला नेतो. वर ज्येष्ठातही आपल्याकडे पडत नाही असे ऊन, आणि पाण्याची टंचाई. त्या तेवीस दिवसांत घरी बसून आखलेले कोणते वेळापत्रक टिकले असेल?

पुढे सीरिया, इजिप्त, तिथून जहाजाने इटली, आल्प्सचा बर्फ, इंग्लंड. मग समुद्रापार अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडोचीन, सयाम, ब्रह्मदेश. १८ मार्च १९२८ रोजी, साडेचार वर्षांना थोडे दिवस कमी असताना, ते मुंबईत परतले. एकूण प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटर. परतले ते मात्र तिघे: हकीम, बापासोला आणि भूमगरा.

हा वृत्तान्त आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो, आणि दरवर्षी इथे कुणीतरी हात वर करून विचारतो, “सर, बाकीचे तिघे नापास झाले का?”

प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नाही. कापडिया तेहरानहून घरगुती कारणासाठी परत फिरले. हाथीरामांनी अमेरिकेतच राहायचे ठरवले आणि तिथेच संसार मांडला. पोचखानवालाही वाटेत वेगळे झाले. आता कापडियांचे पाहा. मुंबई ते तेहरान ही मजल सायकलीवर त्या काळी किती जणांनी मारली असेल? त्या गड्याला नापास म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आणि हाथीराम तर, आमच्या मते, जगप्रवासाला निघून जगातच राहिले. यात तोटा कोणाचा झाला? प्रवासाच्या पुस्तकात शेवटी नाव तिघांचेच गाजते, हे खरे. पण वाळवंटात सायकली ढकलताना हात किती जणांचे होते, हे मोजायचे असेल तर मोजणी तीनवर आणून थांबवता येणार नाही.

याच काळात आणखी एक मुंबईकर पारशी, फ्रामरोज दावर, १९२४ साली एकटाच निघाला. बेत एकट्याचा होता. व्हिएन्नात गुस्ताव नावाचा एक ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला आणि एकाचे दोघे झाले. सहारा, अँडीज पर्वत, ॲमेझॉनचे अरण्य अशा वाटा त्यांनी जोडीने पालथ्या घातल्या, आणि दावर १९३१ साली परतले. बेत मोडतो तेव्हा दरवेळी काही वजाच होते असे नाही.

हे झाले शंभर वर्षांपूर्वीचे. कोणी म्हणेल, मास्तर, आता नकाशे खिशात, विमाने डोक्यावर, आता कसली अडचण? म्हणून आमच्या काळातली एक गोष्ट सांगतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही मुलगी इंग्लंडात क्रीडाव्यवस्थापन शिकत होती. दोन वर्षे तयारी करून २०१८ सालच्या जुलैत ती ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघाली. पृथ्वीप्रदक्षिणेच्या विक्रमाचे नियम मोठे काटेकोर आहेत. सायकलीने निदान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २९,००० किलोमीटर तोडायचे, एकाच दिशेने जायचे, आणि पृथ्वीच्या गोलावर एकमेकांच्या बरोबर उलट असलेल्या दोन ठिकाणांना स्पर्श करायचा. (शाळेच्या गोलात न्यूझीलंडच्या उत्तर बेटातून सुई आरपार घातली तर ती स्पेनच्या बाजूला निघते. गोल शाळेच्या मालकीचा आहे, कृपया प्रयोग मनातच करावा.)

विक्रमाच्या हिशेबात दिवस थांबत नाहीत. विमानात गेलेला वेळही धरला जातो. आणि नेमके तिथेच नडले. व्हिसाच्या अडचणी आल्या, सायकलीची दुखणी निघाली, दिवस गेले. दिवस गेले म्हणजे केवळ दिवस जात नाहीत, ऋतू जातो. जो युरोप लवकर ओलांडायचा, तो हिवाळ्यात ओलांडावा लागला. कॅनडात अस्वल मागे लागले. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटले. रशियात बर्फात तंबू ठोकून तिने एकटीने रात्री काढल्या. पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरला होता. वाटेचा बहुतेक भाग ती एकटीच होती.

आता मुख्य गोष्ट ऐका. सर्वांत वेगवान स्त्री होण्याचा तिचा मनोदय होता. ती वाटेवर असतानाच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहम यांनी १२४ दिवसांत प्रदक्षिणा पुरी करून नवा विक्रम केला. ज्याच्यासाठी घर सोडले ती गोष्ट दुसरीच्या पदरात पडली, आणि अजून हजारो किलोमीटर बाकी! अशा वेळी विमानाचे तिकीट काढून पुण्याला आईबापांकडे आली असती, तर तिला बोल लावणारा शहाणा ठरला नसता.

ती सायकल चालवीत राहिली. रशियातून विमानाने भारतात आली, इथले सुमारे ४,००० किलोमीटर तोडले, आणि २३ डिसेंबर २०१८ रोजी कोलकात्यात तिचे २९,००० किलोमीटर भरले. १५९ दिवस, सरासरी १८२ किलोमीटर रोज. ग्वाल्हेरहून पहाटे निघून आग्रा मागे टाकून मथुरेच्याही पुढे मुक्काम, आणि असे पाच महिन्यांहून अधिक. आशियातील सर्वांत जलद प्रदक्षिणा करणारी स्त्री म्हणून तिचे नाव वृत्तपत्रांत आले. आम्हाला मात्र त्यातला एक लहानसा तपशील फार आवडतो. अंतर पुरे झाले तरी वर्तुळ पुरे व्हायला तिला पर्थला परत जाऊन पंधराएक किलोमीटर सायकल चालवणे उरले होते. मजल एका खंडात संपली आणि शेवटची रेघ दुसऱ्या खंडात!

आता आमचा अंतस्थ हेतू. विश्वस्त मंडळींनी रागावू नये.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘पुढील तीन वर्षांचा संकल्प’ असा एक रकाना आहे, आणि नियमांत एक कलम आहे: अभ्यासक्रम मध्येच सोडला, बदलला किंवा वर्ष वाया गेले, तर साहाय्य तत्काळ बंद. कलम घालणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. समाजाचा पैसा आहे, तो उधळला जाऊ नये. पण गेल्या काही वर्षांत त्या कलमाखाली कोण आले, हे आम्ही शिक्षक या नात्याने जवळून पाहिले आहे. परिचारिकेच्या शिक्षणाला गेलेली एक मुलगी आईच्या आजारपणात सहा महिने घरी राहिली. आई बरी झाली, मुलगी परत जायला निघाली, आणि तिला कळले की आपला हप्ता बंद झाला आहे. ती मुलगी आज एका दुकानात हिशेब लिहिते. हिशेब चोख लिहिते, पण ती सुई टोचायला शिकत होती. दुसरा एक मुलगा विज्ञान सोडून छपाईच्या धंद्याचे शिक्षण घेऊ लागला, त्याला आपण परतफेडीचे पत्र पाठवले.

आमच्या धर्मात मुसाफिराला रमजानमध्ये सवलत आहे. प्रवासात असेल, आजारी असेल, तर त्याने रोजा त्या दिवशी न ठेवता पुढे सवडीने ठेवावा. मागे राहिलेले रोजे तो मोजून पुरे करतो. वाटेत अमुक दिवशी थांबलास म्हणून यादीतून त्याचे नाव कोणी खोडत नाही. चातुर्मासाचा नेम घेणाऱ्या घरांतही अशी काही सोय असतेच. आमच्या शेजारच्या काकूंना विचारले तर त्या अधिक अधिकाराने सांगतील.

तेव्हा आमची मागणी एवढीच. ‘तत्काळ बंद’ हे शब्द काढून तिथे असे लिहावे की विद्यार्थ्याने खंड पडल्याचे किंवा मार्ग बदलल्याचे कारण तीन महिन्यांत लेखी कळवावे, मंडळाने त्याला समक्ष बोलावून ऐकावे, आणि खंड एक वर्षापर्यंतचा असेल तर हप्ता राखून ठेवावा. खोटी कारणे सांगणारेही निघतील. पण समोर बसलेल्या मुलाचे कारण खरे की खोटे, हे ओळखण्याइतके केस आपल्या विश्वस्तांचे पांढरे झाले आहेत.

आम्ही दुरुस्तीचा मसुदा कागदावर लिहून आणला आहे आणि सात शिक्षकांनी त्यावर सही केली आहे. तो आम्ही अध्यक्षांच्या हाती देतो. ज्या मुलीचा उल्लेख केला, तिच्या संस्थेतील नवे वर्ष जुलैत सुरू होते. मंडळाची बैठक त्याआधी व्हावी.