जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, ते जुन्या मशीनमध्ये नसतं. म्हणून लोक चालते डेस्कटॉप भंगारात काढतायत. जरा थांबा!

गुहागरला काकांचा २०१२चा डेस्कटॉप असाच पडून होता. आत सुपारीच्या बागेचे हिशेब आणि आजीचे फोटो. पहिलं काम म्हणजे ते सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

मग वायर काढून कॅबिनेट उघडलं. समुद्राच्या खाऱ्या हवेनं रॅमच्या पिना काळवंडलेल्या. खोडरबरानं हलकेच पुसल्या. हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी लावली. खरा फरक इथेच पडतो, कारण एसएसडीत फिरणारी चकतीच नसते. रॅम ४ जीबीची ८ केली. विकत घेताना बघा हं, डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही.

सिक्युरिटी अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचं काम नको. म्हणून लिनक्स मिंट टाकलं, तेही फुकट.

आणि इंटरनेट? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडला, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. झालं काम! वायफाय डोंगलही लागला नाही. फक्त डेटा फोनचाच जातो, तेव्हा अपडेट जपून.

मोबाइलवर सातबारा बघताना बोटांनी झूम करून डोळे दुखतात ना? घरातला कोपऱ्यातला डबा एकदा उघडून बघाच. भेटू पुढच्या भागात!