फोडायच्या आधी शोधणारा प्लंबर

आजचा विषय साधा आहे: घरच्या कामाला प्लंबर कसा निवडायचा. साधा म्हणतोय खरा, पण आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांचं बोलणं बंद व्हायला एक गळका पाइप पुरला.

नळाचा वॉशर गेला, जेट स्प्रे फुटला, सिंकखालचा वेस्ट पाइप निसटला, अशा कामांना फार विचार करू नका. ॲपवरून बोलवा नाहीतर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला सांगा, तासाभरात काम होतं. खरी परीक्षा असते ती पाणी दिसतं एकीकडे आणि येतं भलतीकडून, तेव्हा.

आमची बिल्डिंग पुण्यातली, साधारण वीस वर्षं जुनी. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या बाथरूमच्या स्लॅबला आधी ओल आली, मग थेंब पडायला लागले, तेही दिव्याच्या पॉइंटच्या अगदी शेजारी. आजी शॉकच्या भीतीने दिवा न लावता टॉर्च घेऊन आंघोळीला जायला लागल्या. बघायला आलेल्या पहिल्या माणसाने पाच मिनिटांत निकाल दिला: वरचं बाथरूम पूर्ण फोडायचं, वॉटरप्रूफिंग, नवीन टाइल्स, 65,000 रुपये. आजींचा मुलगा म्हणाला, उद्याच सुरू करा. बाबा म्हणाले, आधी कशामुळे गळतंय ते तरी कळू द्या. त्याला वाटलं आम्ही टाळतोय. झालं, लिफ्टमध्ये माना फिरायला लागल्या.

मग वॉचमनकाकांनी एका प्लंबरचा नंबर दिला. गच्चीवरच्या टाक्यांचं काम वर्षानुवर्षं तोच करतो. मूळचा ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. तुमच्याकडे येणाऱ्या प्लंबरला गाव विचारून बघा, बऱ्याचदा हेच उत्तर येईल. देशभरात प्लंबर पुरवणारा जिल्हा म्हणून तो ओळखला जातो, आणि तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे.

या दादांनी हातोडा पिशवीतून काढलाच नाही. पहिला प्रश्न आजींना: "पाणी चोवीस तास टपकतं, की वर आंघोळ झाल्यावर?"

सगळी गंमत या एका प्रश्नात आहे. आपल्या घरात दोन प्रकारचे पाइप असतात. टाकीतून येणाऱ्या लाइनमध्ये पाण्याचा दाब कायम असतो, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. ती फुटली की रात्री तीन वाजताही थेंब पडतो. सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे टाइल्सच्या सांध्यात किंवा न्हाणी ट्रॅपपाशी दोष असेल, तर वापर झाल्यावरच टपकतं. (न्हाणी ट्रॅप हा शब्द आपल्या न्हाणीवरून आलाय आणि इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तसाच छापतात, याचा मला उगाच अभिमान आहे.) वॉटरप्रूफिंग हा दुसऱ्या रोगावरचा उपाय. पहिल्यात 65,000 घातले असते तरी थेंब पडतच राहिला असता.

आजींकडे चोवीस तास टपकत होतं. म्हणजे दाबाची लाइन. पण गार की गरम? दादांनी गीझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद केला आणि म्हणाले, उद्या सकाळी फोन करा. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी निथळायला वेळ लागतो, तेव्हा लगेच निकाल काढायचा नाही. सकाळी थेंब थांबला होता. म्हणजे गरम पाण्याची लाइन. आमच्या कामात याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं.

मिक्सरच्या मागच्या फक्त चार टाइल्स काढल्या. आत जुन्या जीआय पाइपचं एल्बो गंजून सुईएवढं भोक पडलेलं. तिथे सीपीव्हीसी घातला आणि दोन दिवस भिंत उघडी ठेवून सांधा कोरडा राहतोय ना ते बघितलं, मगच टाइल्स. एकूण खर्च 4,200. तशाच टाइल्स आता मिळत नाहीत, त्यामुळे भिंतीवर निळसर ठिगळ आहे. घर करताना एक खोका टाइल्स जादा घेऊन ठेवा.

खर्च कोणाचा, यावरही भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, संडास-सिंक वगैरे घराच्या आतली गळती सभासदाने. आमचं आतलं होतं, म्हणून आजींच्या स्लॅबचा रंगही आम्हीच करून दिला. लिफ्टमध्ये आता बोलणं होतं, सध्या हवामानापुरतं.

तर माणूस निवडताना मी काय बघतो? तो आधी प्रश्न विचारतो की आधी आकडा सांगतो. नुसतं बघायला येण्याचे पैसे आधीच ठरवतो आणि कुरकुर न करता देतो. दादांनी 300 घेतले. आपण फोडण्याचे हजारो देतो आणि शोधण्याचे तीनशे द्यायला जीव खालीवर होतो, हे मला पटत नाही. सामानाची पक्की पावती मागतो. गरम लाइनला पांढरा यूपीव्हीसी लावत नाही ना, हेही बघतो. गरम पाण्याला क्रीम रंगाचा सीपीव्हीसी लागतो आणि त्याचं सोल्व्हंटही वेगळं असतं. काढलेला जुना पार्ट दाखवायला सांगतो. दाखवायला का-कू करणारा माणूस मी परत बोलावत नाही.

ओळखीच्या प्लंबरचा तोटाही सांगतो. फोन तिसऱ्यांदा उचलतो आणि "येतो" म्हणजे आज ते गुरुवार यातलं काहीही. ॲपवाला वेळेवर येतो, हे मान्य. पण गच्चीवरचा कुठला व्हॉल्व्ह कुठल्या फ्लॅटचा, हे त्याला माहीत नसतं. आमच्याकडे ते फक्त दादांच्या डोक्यात होतं. म्हणून परवा त्यांना चहा पाजून सगळ्या व्हॉल्व्हवर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर घालून घेतले. 602 च्या व्हॉल्व्हवर 206 पडलंय, ते रविवारी दुरुस्त करणार आहोत.