दवाखान्याच्या उंबरठ्यापलीकडे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



निकाल लागले की पालक माझ्या दवाखान्यात येतात. "डॉक्टरसाहेब, मुलाला डॉक्टर करायचं आहे. पुढे कमाई होईल ना?" प्रश्न रास्त आहे. फीसाठी त्यांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो. उत्तरादाखल मी एका डॉक्टर दांपत्याची हकिकत सांगतो.

रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. पुढे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, बरा होऊन गेलेला रोगी तेच दुखणे घेऊन परत येतो. औषधाने रोग जाई, पण त्याचे कारण घरीच राही. म्हणून अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली ते जामखेडला आले.

दुष्काळी मुलूख तो. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. डॉक्टरांनी ती आधी ऐकली. गावोगावी शेतकऱ्यांची व स्त्रियांची मंडळे उभी राहिली. खरा कारभार खुर्चीत बसून होत नाही, तो असा लोकांत बसून होतो.

मग त्यांनी शिकवायला घेतले. कोणाला? गावाने निवडलेल्या स्त्रियांना. त्यांतल्या अनेकींनी शाळा पाहिली नव्हती, अनेकजणी दलित होत्या. बाळंतपण, बाळाचे वजन, स्वच्छ पाणी, क्षय, कुष्ठरोग हे सारे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात या कामाची हकिकत आली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली गेले.

आता माझी कबुली ऐका. एकाच गल्लीतील मुलांच्या जुलाबांवर मी कित्येक वर्षे औषध दिले, फी घेतली. ती मुले पाणी कुठले पितात, हे विचारले नाही. एका आईला मीठ-साखरेचे पाणी करायला शिकवले असते, तर तिने दहा घरांना शिकवले असते. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एवढीच ती विद्या. ती मी कपाटात ठेवली, याची खंत वाटते.

पालकहो, मुलाला जरूर डॉक्टर करा आणि मुलीलाही करा. मात्र कमाईबरोबर हेही विचारा की, बेटा, तू शिकलेले कितीजणांना शिकवशील? आणि ज्या मुलामुलींना मेडिकलची जागा मिळाली नाही, त्यांनी नाउमेद होऊ नये. जामखेडच्या त्या स्त्रियांजवळ कोणती पदवी होती?