माझा ताप बोक्याला लागेल का?

आवाज अजून बसलेलाच आहे, सांभाळून घ्या. गेल्या आठवड्यात मला फ्लू झाला. विक्रोळीत, कन्नमवार नगरात आमची वन रूम किचन. त्यात आई, मी आणि बंड्या बोका. हा पठ्ठ्या झोपतो माझ्याच पांघरुणात. तिसऱ्या दिवशी तोही शिंकायला लागला.

आई म्हणाली, "तुझंच लागलंय त्याला. पाव गोळी दुधातून देते."

गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. मी अंथरुणातूनच ओरडलो, "आई, थांब!" का ते सांगतो, पण आधी लागणीचं बघू.

आपली साधी सर्दी मांजरांना होत नाही. त्यांच्या सर्दीचे विषाणू वेगळे, आणि ते आपल्याला लागत नाहीत. पण फ्लू आणि कोरोनाचं तसं नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 13 वर्षांच्या एका मांजराला घरच्या माणसांकडून लागण झाली होती. ते बरं झालं. 2021 च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंह कोरोना पॉझिटिव्ह आले. पुढच्याच महिन्यात चेन्नईजवळच्या वंडलूरला नीला नावाची सिंहीण गेली. सिंह म्हणजे बंड्याचे थोरले चुलतेच की! घरच्या मांजरांना मात्र कोरोना झाला तरी बहुतेक वेळा सौम्यच होतो.

आता ती गोळी. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायला जी यंत्रणा लागते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. औषधाचं विष होतं, रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं, धाप लागते. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. चुकून पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट बघू नका, तडक प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळा.

आम्हीही बंड्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या मते ही बहुधा मांजरांचीच सर्दी. जिन्यातल्या मांजरांशी याची रोजची उठबस, आणि लस द्यायची राहिलेली. कुणामुळे? माझ्यामुळे. ऑफिसच्या रिलीजच्या गडबडीत दोनदा पुढे ढकलली होती. माझ्या फ्लूवर खापर फोडणं सोपं होतं.

तरी ताप उतरेपर्यंत मी मास्क लावूनच त्याचं ताट भरलं. पांघरूणही वेगळं केलं, म्हणजे मी केलं, त्याने ऐकलं नाही. आईने गोळ्यांचा डबा फ्रीजवर ठेवला. बंड्या तिथेही चढतो, म्हणून आता तो कपाटात आहे. डबा, बंड्या नव्हे.